दाजींच्या मनगटावरचं घड्याळ

माझ्याकडे येणारा माणूस घड्याळ पुसून आणतो. कुणी रुमालाने पुसतो, कुणी टूथपेस्ट लावून घासतो, आणि काही शहाणे तर येण्याआधी पॉलिशच करून घेतात. मग ते माझ्यासमोर ठेवतात आणि कौतुकाची वाट बघत बसतात. जुनी घड्याळं, त्यातही पाणबुड्या माणसांसाठी बनवलेली ऑटोमॅटिक घड्याळं पारखणं आणि त्यांची किंमत सांगणं हे गेली कित्येक वर्षं माझं काम आहे. या कामातली निम्मी ताकद समोरच्यावर न ओरडण्यात खर्च होते. पन्नाशी उलटली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी चकचकीत केलेलं जुनं घड्याळ दिसलं की डोक्यात तिडीक जाते ती जातेच. बायको म्हणते, लोकांचा काय दोष, त्यांना कुठं माहीत असतं. तिचं बरोबर आहे. पण ही तिडीक मला गिऱ्हाइकांनी लावलेली नाही. ती मी घरूनच घेऊन निघालो होतो.

घर पिंपळे गुरवचं. मागच्या बाजूला थोडी जमीन शिल्लक होती, एक म्हैस होती, आणि पुढच्या बाजूला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र्याच्या खोल्या बांधून कंपन्यांतल्या मुलांना भाड्याने दिल्या होत्या. कुणी लातूरकडचा, कुणी रत्नागिरीचा. सगळ्या शिफ्टची मुलं एकाच रांगेत राहायची, त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी आमच्या अंगणात एक जण आंघोळ करत असायचा, एक जण झोपमोड झाली म्हणून कुरकुरत असायचा आणि एक जण स्टोव्हला पिन मारत असायचा. या सगळ्या गोंधळावर कंपन्यांचे भोंगे. एका भोंग्याला आई चहा टाकायची, पुढच्याला धार काढायला बसायची, त्याच्या पुढच्याला तव्यावर भाकरी पडायची. आमच्या घरात घड्याळ कुणाला लागायचंच नाही. अण्णा तर सरळ म्हणायचे, "भोंगा ऐकू येतोय तवर घड्याळ कशाला पायजे?" अशा घरात मला घड्याळांचं वेड लागलं, म्हणजे हसं होणार हे ठरलेलंच होतं.

मी तेव्हा आयटीआय करून एका कंपनीत ट्रेनी म्हणून चिकटलो होतो. सुट्टीच्या दिवशी पुण्यातल्या जुन्या बाजारात जाऊन जमिनीवर मांडलेल्या ढिगांतून घड्याळं वेचायची आणि ती घेऊन कॅम्पात लोबोसाहेबांकडे जायचं, हा माझा नेम. लोबोसाहेब जुन्या घड्याळांची खरेदी-विक्री करायचे. माणूस खवट. मी पुढे केलेलं घड्याळ डोळ्याला भिंग लावून ते क्षणभर बघायचे आणि परत सरकवायचे. "डायल रंगवलेली. काटे दुसऱ्याचे. मागचं झाकण तिसऱ्याचं. हे घड्याळ नाही, हे संमेलन आहे." मी हिरमुसून परत यायचो आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा जायचो. हळूहळू कळायला लागलं. डायलभोवतीच्या फिरणाऱ्या कडीचा रंग उन्हाने विटलेला असला तर चांगलं. आकड्यांवरचं रेडियम पिवळसर पडलेलं असलं तर फारच चांगलं. कारखान्यातून निघताना स्टीलवर ओढलेल्या बारीक रेषा दिसल्या पाहिजेत, कडा बोटाला लागल्या पाहिजेत. साहेब म्हणायचे, घड्याळाला कुणाकुणाचे हात लागले याची किंमत नसते, कुणाचे लागले नाहीत याची असते.

आणि मग मला ते मिळालं. तेही जुन्या बाजारात नाही, आमच्याच अंगणात. रत्नागिरीकडच्या एका भाडेकरूचे वडील बोटीवर नोकरीला होते, त्यांचं जपानी ऑटोमॅटिक, मनगट हललं की चालणारं, पाण्याखाली घालायचं. जाड, जड, किल्ली नेहमीच्या जागी नाही तर खाली चारच्या आकड्याजवळ. कडी मूळची निळी असणार, ती उडून जांभळट राखाडी झालेली. रेडियम दुधावरच्या सायीच्या रंगाचं. झाकण बहुधा कधी उघडलेलंच नव्हतं. त्या मुलाला नवं सेलचं घड्याळ हवं होतं, मी ते आणून दिलं आणि हे घेतलं. दोघांनाही वाटलं आपण समोरच्याला गंडवलं. लोबोसाहेबांना तोंडी वर्णन सांगितलं तर ते पहिल्यांदाच खुर्चीवरून पुढे झुकले. म्हणाले, पुढच्या खेपेला घेऊन ये, आणि तोवर त्याला काहीही करू नकोस, पुसूसुद्धा नकोस. ते जर खरंच तसं निघालं तर मी माझ्या हाताखाली तुला पारख शिकवीन. मी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बाकीच्या घड्याळांच्या वर ठेवलं. कंपनीतून सुटून त्या भिंगापर्यंत पोचायचा माझा रस्ता त्या डब्यात होता.

घरात हे सगळं ऐकणारी एकच व्यक्ती होती, माझी मोठी बहीण मंगल. मी तिला ताई म्हणतो. ती ऐकायची असं म्हणायचं, पण खरं तर तिला पळता यायचं नाही. हात पिठात असायचे. मी चुलीपाशी बसून कडी, काटे, किल्ली यांच्यावर बोलत सुटायचो आणि ती भाकरी थापता थापता हूं हूं करायची. मध्येच एखादा प्रश्न विचारायची, तेवढ्यावर मी आणखी अर्धी टोपली भाकरी होईपर्यंत चालायचो.

त्याच वर्षी ताईचं जमलं. मुलगा चाकणच्या पुढच्या एका गावातला, विलास नाव. घरची कांद्याची शेती, आणि चाकणला नव्याने आलेल्या एका कंपनीत तो लागलेला. माणसं साधी, मागणं काही नाही. आमच्याकडे साखरपुड्यात नवऱ्या मुलाला अंगठी आणि घड्याळ घालायची पद्धत आहे, तेवढ्यावर मुलाचे वडील बोलले. "घड्याळ सेलचं नगं. सेल मेला की माणूस दुकान हुडकत हिंडतो. हाताच्या हालचालीवर चालणारं द्या." सगळ्यांना ही अट फार समजूतदार वाटली. मलाही वाटली, माझं दुर्दैव. दत्तूमामा तिथंच म्हणाले, "घड्याळ मामाचं. तुम्ही कुणी बघायचं न्हाई."

दत्तूमामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. भोसरीत त्यांचं बफिंगचं शेड होतं. गाड्यांचे, नळांचे, कुकरचे भाग यायचे, कापडी चाकावर घासून आरशासारखे होऊन जायचे. मामांच्या भुवयांत कायम काळी पूड असायची आणि जगातली कुठलीही मळकी वस्तू त्यांना स्वतःचा अपमान वाटायची. आमच्याकडे आले की चहा होईपर्यंत तांब्याभांडी घासून ठेवायचे. एकदा त्यांनी अण्णांच्या सायकलचं हँडल असं चमकवलं की अण्णांना उन्हात समोरचं दिसेना. स्वभावाने देवमाणूस. हे मला मुद्दाम लिहावं लागतंय, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात ते दिसणार नाही.

साखरपुडा आमच्याच दारात झाला. त्याच्या तयारीत मला कितीतरी दिवस ना कॅम्पात जाता आलं होतं, ना डबा उघडता आला होता. सकाळपासून मासवड्यांच्या सारणाचा, तिळाखोबऱ्याचा वास मांडवभर होता. भाडेकरू मुलंही आपापली शिफ्ट बघून वाढायला उभी राहिली होती. मी मठ्ठ्याची बादली घेऊन फिरत होतो. पाटावर ताई, समोर विलासराव. अंगठी झाली, टाळ्या झाल्या, आणि मामांनी ताटातला रुमाल उचलला. घड्याळ इतकं लखलखत होतं की मागच्या रांगेतल्या बायकाही वळून बघायला लागल्या. लालभडक कडी, काळीकुळकुळीत डायल, त्यावर सोनेरी आकडे. मला पहिल्यांदा हसू आलं. म्हटलं, मामांनी कुठून हे उचललं. मग विलासरावांनी मनगट वळवलं आणि मला किल्ली दिसली. चारच्या आकड्याजवळ.

मला अजून आठवतं, बादली माझ्या हातात तशीच होती आणि एक म्हातारबुवा वाटी पुढे करून "वाढ की रं" म्हणत होते. मी त्यांना वाढलं. पुढच्याला वाढलं. मांडवात मामा खड्या आवाजात सांगत होते, "जावईबापू, साधं घड्याळ न्हाई ह्ये. पाणबुड्यांचं हाय. समुद्राच्या तळाला चालतं. पाण्यात घाला, चिखलात घाला, बंद पडलं तर माझं नाव बदला." लोक माना डोलवत होते. एवढ्या माणसांत, बहिणीच्या साखरपुड्यात, नवऱ्या मुलाच्या हाताला धरून ते माझं आहे असं म्हणायची सोय नव्हती. संतापाने माझे कान गरम झाले होते आणि लोक मला सांगत होते, मठ्ठा छान झालाय.

पाहुणे गाडीत बसल्यावर मी मामांना पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "मामा, ते माझ्या डब्यातलं हाय."

"मग? कसं झालंय?" मामांचा चेहरा फुललेला. "पार कळकटलेलं हुतं रं. मी सोता चाकावर बसलो. समद्या वरखड्या काढल्या. कडी इटलेली, ती फेकून नवी घातली. डायल पिवळी पडलेली, शेजारच्या घड्याळवाल्याकडनं रंगवून घेतली."

"कुणाला इचारून?"

"घरातल्या घरात काय इचारायचं? मला आतनंच दिलं घिऊन जा म्हनून." आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे हात केला.

आतून म्हणजे आई. आईशी मी बोलणं टाकलं. तिने वाढलेलं ताट तसंच सोडून कामावर जायचो. तीही एका शब्दाने काही म्हणाली नाही, नुसती डबा भरून सायकलला अडकवायची, त्यामुळे मला आणखी राग यायचा. अण्णांनी समजूत घातली ती अशी, "एवढी घड्याळं हायती तुझ्याकडं, एक गेलं तर काय जग बुडालं?" मामांच्या शेडमध्ये जाऊन मी कचऱ्याच्या ढिगात ती विटलेली कडी हुडकली. हाती काही लागलं नाही, नाकातोंडात मात्र काळी पूड गेली. कॅम्पात जाऊन लोबोसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं भिंग टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "आता ते घड्याळ नाही. भांडं आहे." थोड्या वेळाने त्यांना माझी दया आली असावी. आतलं मशीन तरी अस्सल आहे, म्हणाले. ते शाबूत घेऊन ये, मग बघू. घासून गेलेल्या कडा परत येत नाहीत हे त्यांनीच मला शिकवलं होतं, तरी मी त्या 'मग बघू'ला धरून बसलो.

मी ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम केले आणि एक नवंकोरं ऑटोमॅटिक घेतलं. लग्नाच्या आधी चाकणला जायचं, दाजींना, म्हणजे विलासरावांना, गोड बोलून हे द्यायचं आणि ते घ्यायचं असं ठरवलं. दिलेली वस्तू परत मागायला जाणं किती वाईट दिसतं हे मला कळत होतं. सोयरीक मोडेल, निदान ताईला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, हेही कळत होतं. तरी गेलो. त्या वयात स्वतःचं खरं असलं की बाकी सगळ्या गोष्टी लहान दिसतात.

चाकणला उतरलो तर बाजाराचा दिवस. कांद्याच्या ट्रकांनी रस्ता धरलेला, त्यांच्यामागे कंपनीची बस हॉर्न वाजवत अडकलेली. तिथून गावापर्यंत एका टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर बसून गेलो. दाजींच्या घरी चहा झाला, पोहे झाले. मी विषय कसा काढावा या विचारात, तेवढ्यात दाजीच मला म्हणाले, "चला मेव्हणं, चाळ दावतो," आणि मला कांदा साठवायच्या चाळीमागे घेऊन गेले. इकडे तिकडे बघितलं, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या हातात दिली. आत घड्याळ. काचेखाली धुकं, काटे थांबलेले, सोनेरी आकड्यांचा रंग एका बाजूने सुटून डायलवर पसरलेला.

"काय केलं दाजी?"

"हिरीत उडी मारली." दाजी जमिनीकडे बघत होते. "मामा म्हनले ना, समुद्राच्या तळाला चालतं. आमची हीर ती केवढी. पोरं म्हनली दावा. म्हनून मारली. मग समदी म्हनली पुन्ना मारा. बंद पडलं. म्हातारा रोज इचारतोय घड्याळ कुठाय. लग्नाच्या आधी बंद पडलं म्हनल्यावर आकांत करंल तो, अपशकुन म्हनंल. तुमी यातलं जानता म्हनं. कायतरी करा, पर कुनाला सांगू नका."

पाण्याखाली चालावं म्हणून बनवलेलं घड्याळ विहिरीत बुडालं, कारण त्या भोसरीच्या घड्याळवाल्याने ते उघडल्यावर झाकणाखालची रबरी रिंग परत घातलीच नसणार. दोष कुणाला द्यावा? मामांना, घड्याळवाल्याला, दाजींना, का विहिरीला? पण त्या वैतागातही माझ्या लक्षात आलं की मला हवं होतं ते आपणहून माझ्या हातात आलंय. मी खिशातून नवं काढलं. "दाजी, तुमी हे घाला. ते ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

दाजींनी नवं घड्याळ कानाला लावून बघितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "लई उपकार झालं. मंगलला मातर सांगू नका."

घरी येऊन मी न्हाणीच्या बाहेर पोत्यावर बसलो, झाकण उघडलं आणि आतलं पाणी टिपून काढायला लागलो. रिंग नव्हतीच. तारखेच्या चकतीवर गंजाचे ठिपके आले होते. मशीन सुटं करून, धुऊन, वाळवून, तेल देऊन पुन्हा बसवलं, नवी रिंग घातली, आणि हलवल्याबरोबर सेकंदाचा काटा निघाला. आत अजून जीव होता. तेवढ्यात ताई धुणं वाळत घालायला आली. तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि पिळा तसाच धरून उभी राहिली.

"हे तर त्येंच्या हातातलं," ती म्हणाली.

खोटं बोलायचं सुचलं नाही. "दाजींना नवं दिलंय. त्यांना चालतंय."

"त्येंना चालत आसंल. मला न्हाई चालत."

"तुला काय करायचंय? आईनं माझ्या डब्यातनं काढून मामाला दिलं तवा मला कुनी इचारलं हुतं?"

"आईला काय म्हाईत त्यातलं," ताई म्हणाली. "मामाला मी दिलं."

ताईने पिळा बादलीत ठेवला आणि पदराला हात पुसले. "तू रोज सांगतूस, समद्या पिंपळे गुरवात असली वस्तू न्हाई. अण्णा हसत्यात, आई हसती. मला खरं वाटलं. मग त्येंच्या हातात घालायला दुसरं काय दिऊ मी? अंगठी तर समदीच घालत्यात."

"ते घासायचं न्हाई, हे पन सांगितलं हुतं मी तुला."

"म्या मामाला फडक्यात बांधून दिलं. म्हनलं, मामा, ह्याला हात लावायचा न्हाई, जसं हाय तसं ताटात ठिवायचं. चारदा म्हनलं." तिचा आवाज चढला आणि लगेच फाटला. "मामा हाय त्यो. रुमाल उचलला तवा मी बघितलं. समोर माणसं बसलेली. तुझ्याकडं बघायची हिंमत न्हाई झाली माझी."

म्हणजे त्या मांडवात, लखलखत्या घड्याळाकडे बघून सगळे माना डोलवत असताना, जळणारा मी एकटा नव्हतो. पाटावर, डोक्यावरच्या पदराखाली, हसरा चेहरा करून ताईही बसली होती. इतके दिवस मी आईने दिलेलं ताट लोटत होतो आणि ही रोज ते ताट उचलून आत नेत होती. मला तिचा राग यायला हवा होता. घड्याळ तिनेच दिलं होतं. पण माझं बोलणं खरं मानणारं एवढं एकच माणूस घरात होतं, आणि खरं मानलं म्हणूनच तिने ते दिलं होतं. तिच्यावर मी कशाने रागावणार?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कांद्याच्या टेम्पोतून गेलो आणि दाजींना ते घड्याळ परत दिलं. नवं परत घ्यायला गेलो तर दाजी ते सोडेनात, शेवटी ते त्यांच्या धाकट्या भावाच्या हातात गेलं. लोबोसाहेबांना मी सांगितलं की मशीनही गेलं. त्यांनी मला तरीही शिकवलं, पण ती खूप पुढची गोष्ट.

दाजी आता कंपनीतून रिटायर व्हायला आले. ते घड्याळ त्यांनी कधी उतरवलं नाही. सोनेरी आकडे केव्हाच गेले, लाल कडी मिरचीच्या सालीसारखी फिकट झाली, कडा साबणाच्या वडीसारख्या गोल. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, आज विकलं तर काय येईल. मी म्हटलं, काही नाही. ते हसले, त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मी जेवायला गेलो की ते अजून हात पुढे करतात आणि म्हणतात, "बघा मेव्हणं, चालतंय." ताई वाढता वाढता थांबते आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. इतक्या वर्षांत राग एका पैशाने कमी झालेला नाही, माझाही नाही आणि तिचाही नाही. आणि मामा गेल्यामुळे आता भांडायलाही कुणी उरलेलं नाही.